हिरवळीचे कुंपण आणि समतेची कसोटी

गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या विलिंग्डन क्लबाने आपले गोल्फ मैदान भारतीयांना व युरोपीयांना एकत्र खुले केले, म्हणून वर्णभेद पाळणाऱ्या तत्कालीन क्लबांहून तो निःसंशय उदार ठरतो. परंतु वंशाची अट सुटली, तरी निवडलेल्यांनाच आत घेणारी सभासदत्वाची अट कायम राहिली. जवळचा हाजी अली दर्गा, भरतीने वाट बुडालेली नसेल तेव्हा, सर्वधर्मीयांना येऊ देतो, आणि तरीही तेथील मजारीजवळ, म्हणजे संताच्या कबरीपाशी, जाण्यास स्त्रियांना झालेली बंदी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला रद्द ठरवावी लागली. याउलट साईबाबा शिर्डीच्या जुन्या मशिदीत हंडीत स्वतः अन्न शिजवून आल्यागेल्याला जात न विचारता वाढीत. समता, म्हणजे पात्रता न तपासता दिलेला प्रवेश, त्या हंडीपाशी जितकी पूर्ण होती, तितकी ती क्लब आणि दर्गा या दोन्ही शेजाऱ्यांना साधलेली नाही.