पटाविना घडलेला बैल

आमचा सर्जा दोन दाती झाला, त्या हिवाळ्यात मी त्याला पटाचा बैल करायचं मनावर घेतलं. आमच्या भंडारा जिल्ह्यात धान घरी आलं की शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. जिंकलेल्या जोडीच्या मालकाला पाहुण्यारावळ्यांत मान. मलाही तो हवा होता.

आधी नुसतं दावं धरून सर्जाला तलावाच्या पाळीवरून फिरवलं. मग म्हाताऱ्या ढवळ्यासोबत जुवाखाली उभं केलं. मग लाकडाचा ओंडका, शेवटी रिकामी रेंगी. बाबा म्हणत, "त्याले रोज एकच गोष्ट शिकव गा. आली का, सोडून दे." पण मला घाई होती. एका सकाळी तो वळणावर अडला अन् मी तुतारी टोचली. तो सुसाट पळाला. मी खूश! दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शिरताच तो भिंतीला जाऊन चिकटला.

बाबांनी त्याच्या पुठ्ठ्यावरचं रक्त पाहिलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शिकला ना थो. तुले भ्यायला शिकला."

पंधरा दिवस मी जू काढलंच नाही. तनीस टाकायची, शेजारी बसायचं, जवळ येऊ दिलं तर मान खाजवायची. मग कुठं तो माझ्या हातातली ढेप खाऊ लागला.

2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. मित्र म्हणाले, आता कशाला शिकवतोस? विकून टाक. मी मात्र रोज पहाटे त्याला घेऊन निघायचो. कासरा न ओढता, नुसत्या जिभेच्या आवाजावर तो पहिल्यांदा वळला, त्या दिवशी मला जेवणही सुचलं नाही. पट नाही, बक्षीस नाही, बघणारं कुणी नाही, तरी आनंद होता. तो शिकण्या-शिकवण्यातच होता.

पण हा आनंद माझा. सर्जाचं काय? त्याला कुणी विचारलं होतं? पुढं पुढं जू दिसताच तो आपणहून मान खाली घालायचा. मी त्याला त्याची राजीखुशी समजायचो. ती नुसती सवयही असेल. बैलाला "नाही" म्हणायचं तर अडूनच म्हणता येतं. म्हणून मी एक नेम केला. तो अडला की आपणही थांबायचं. खूर बघायचा, जुवाखालची कातडी बघायची. कितीदा तरी खुरात खडा सापडला. त्या तुतारीच्या सकाळी मी बघितलंच नव्हतं.

डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, नियमांत काठी-चाबकाला मनाई आली. 2023 मध्ये कोर्टानं तो कायदाही मान्य केला. पण परवानगी आली तेव्हाच सर्जा दहा वर्षांचा झाला होता. चिखलणीत बांधीच्या कोपऱ्यावर तो माझ्या एका आवाजानं वळायचा. लोक हळहळायचे, "एवढा घडवलास, अन् एकही पट धावला नाही."

मी हसायचो. कोण कुणाला घडवत होतं, हे त्यांना कसं सांगणार?