मापाचे माप

बंदुकीचे सुटे भाग तपासणारा कारागीर नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. त्याच्या हाती पोलादी मापांची जोडी असते : एक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे १८२० नंतरच्या काही वर्षांत जॉन हॉलने रायफली बनविल्या, तेव्हा मापांचे तीन संच ठेविले : कामगाराचा, तपासनिसाचा आणि या दोहोंना तपासणारा तिसरा. कारण माप रोज घासून झिजते. आत जाणारे माप बारीक झाले की ते अरुंद भोकातही शिरते, आणि सदोष भाग निर्दोष ठरतो.

मीही वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. यंदाच्या सहामाहीत घोकलेल्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले; स्वतःच्या शब्दांत धडपडत लिहिणाऱ्या मुलीचे कापले. ती काही बोलली नाही. झोप उडाली ती माझी. मुलांना मोजता मोजता माझेच माप झिजले नसेल ना?

माणसाचा तिसरा संच म्हणजे त्याचा सदसद्‌विवेक. पोलादाचे माप वापराने बिघडते, हे मात्र न वापरल्याने. सुट्टी संपली की ती उत्तरपत्रिका मी पुन्हा काढणार आहे.