कोलामीची भावंडं

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की झरी येते. या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाच्या बाजारात मराठी आणि दखनी तर कानावर पडतेच, पण थोडं थांबून ऐकलं तर आणखीही भाषा ऐकू येतात. तांड्यावरच्या बायका आपसात गोरमाटीत बोलतात. वडारांची वडारी निराळी, कैकाड्यांची कैकाडी निराळी. गावाच्या लेखी या सगळ्या ‘त्यांच्यातल्या भाषा’, एकाच पारड्यात टाकायच्या. जॉर्ज ग्रियर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा-सर्वेक्षणात मात्र त्यांच्या वाटा फार लांबवर जातात. गोरमाटीचे धागे राजस्थानकडे, म्हणजे मराठीच्याच आर्य कुळात, वडारी तेलुगूच्या घरातली, कैकाडी तमिळच्या. एकाच पालापाशी भाव करणारी माणसं भाषेच्या नात्याने एकमेकांपासून इतकी दूर आहेत, हे कुणी आणि कशावरून ठरवलं?

हा प्रश्न मला कोलामीच्या निमित्ताने जास्त नीट समजला. आपल्या झरीसारखीच एक झरी यवतमाळ जिल्ह्यात आहे, झरी जामणी तालुक्याची. त्या तालुक्यात, तसंच इकडे नांदेडच्या किनवट भागात कोलामांची पोडं आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. २०११च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. आकडा लहान आहे, पण भाषांचं कुळ कसं ठरवावं या विचाराची जवळजवळ सगळी वळणं या एका भाषेच्या इतिहासात दिसतात.

भाषांना कुळं असतात ही कल्पना १७८६ साली विल्यम जोन्सच्या कलकत्त्यातल्या भाषणानंतर जोर धरू लागली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं साम्य धातूंत आणि व्याकरणाच्या रूपांत आहे, ते योगायोगाने आलेलं असणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते इतकं प्रभावी ठरलं की भारतातल्या यच्चयावत भाषा संस्कृतातून निघाल्या असं गृहीत धरलं जाऊ लागलं. त्याला पहिला नेमका छेद मद्रासेत बसला. १८१६ साली कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला फ्रान्सिस एलिसने एक टिपण जोडलं. तेलुगूत संस्कृत शब्द रग्गड आहेत, पण तिचे स्वतःचे धातू तमिळ आणि कन्नडशी जुळतात, असं त्याने धातूंच्या याद्या समोरासमोर मांडून दाखवलं. मागून आणलेलं आणि घरचं यांत फरक करायला हवा, ही जाण इथे आली. १८५६ साली कॉल्डवेलने या घराचं मोठं तुलनात्मक व्याकरण लिहिलं आणि ‘द्राविडी’ हे नाव रुळलं.

घरचं ओळखायची खूण कोणती? शब्द एकसारखा दिसतो ही खूण कच्ची. पक्की खूण म्हणजे फरकातला नियम. तमिळमध्ये दात म्हणजे ‘पल्’, दूध ‘पाल्’, वाघ ‘पुलि’, दहा ‘पत्तु’. कन्नडमध्ये हेच शब्द ‘हल्लु’, ‘हालु’, ‘हुलि’, ‘हत्तु’. उदगीर-सोलापूरकडे ज्याचं जाणं-येणं आहे त्याने ‘हत्तु’ ऐकलेलं असतं. शब्द हुबेहूब नाहीत, पण जिथे तमिळ ‘प’ म्हणते तिथे कन्नड ‘ह’ म्हणते, आणि हे पुन्हा पुन्हा होतं. उसना शब्द असा नियम पाळत नाही. आता कोलामी बघा: दात ‘पल’, दूध ‘पाल’, वाघ ‘पुल’. म्हणजे कन्नडने जो ‘प’ सोडला तो कोलामीने धरून ठेवला. घर द्राविडी हे नक्की झालं. पण त्या घरातली कुठली खोली?

इथेच घोडं अडलं, आणि ते बराच काळ अडून राहिलं. कोलामीचे शब्द पहिल्यांदा गोळा केले ते नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी. १८६३ साली ते बुडून वारले. त्यांचे कागद १८६६ साली छापले गेले. १८९७ साली वोल्झली हेगने गोंडी आणि कोलामी शब्दांची तुलनात्मक यादी प्रसिद्ध केली. दोन्ही कामं मोलाची, पण दोन्ही मुख्यतः याद्याच. यादीतून भाषेचा चेहरा कळतो, तिचा सांगाडा कळत नाही. कोलाम गोंडांच्या शेजारी राहतात, काही भागांत गोंडांचे पुजारीही असतात. त्यामुळे त्यांची भाषा गोंडीचीच एक बोली असणार असं पाहणाऱ्याला सहज वाटायचं.

१९०६ साली ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा चौथा खंड आला. त्यातली द्राविडी भाषांची मांडणी स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताची. त्याने कोलामी, चांद्याची नायकी आणि बासिमची ‘भिली’ अशा तीन नोंदी एकत्र ठेवल्या. बासिम म्हणजे वाशीम. ती भिली पुसद भागातली होती, आणि नावाने भिली असली तरी जवळपास कोलामीच होती. झरीच्या ईशान्येला हिंगोली जिल्हा ओलांडला की पुसद येतं, इतकी ती आपल्या उंबऱ्याशी होती. कोनोला दिसलं की ही भाषा गोंडीपासून बरीच दूर आहे. काही बाबतींत तेलुगूशी जुळते, काही बाबतींत कन्नडशी. मग त्याने दोन शक्यता मांडल्या. एक तर हे मोठ्या द्राविडी भाषांच्या वाटचालीतून बाजूला पडलेल्या जुन्या टोळीचे अवशेष असतील, नाही तर ही माणसं मुळात वेगळीच भाषा बोलत असतील आणि द्राविडी त्यांनी मागाहून उचलली असेल. त्याने उगाच एका कप्प्यात भाषा कोंबली नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. पण उत्तर त्याच्या हातात येणारच नव्हतं, कारण कोलामीची बहीण त्याच खंडात भलत्या ठिकाणी बसलेली होती. बस्तरमधली परजी ही गोंडीची बोली म्हणून नोंदली गेली होती.

पुढची पायरी आपल्या मराठवाड्याच्या माणसाची आहे, आणि ती अभिमानाने सांगावी अशी आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानातले अधिकारी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. आदिलाबाद भागात असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, आणि १९५० साली त्यांचं कोलामीचं व्याकरण हैदराबादेत प्रसिद्ध झालं. जिथे कागदाची भाषा उर्दू, साहेबाची इंग्रजी, तिथे एक अधिकारी पोडावरच्या माणसाकडून क्रियापदं चालवून घेतो, हे कुठल्याही सरकारी नियमात बसणारं काम नव्हतं. पाठोपाठ १९५५ साली मरी एमेनो या अमेरिकेतल्या विद्वानाचं कोलामीवरचं पुस्तक आलं. त्याची सामग्री वर्धा भागातली. त्याच सुमारास, १९५३ साली, बरो आणि भट्टाचार्य यांनी परजीचं वर्णन छापलं आणि ती गोंडीची बोली नाही हे दाखवलं. परजी आणि कोलामी अशी दोन व्याकरणं शेजारी-शेजारी उघडली गेली तेव्हा नातं दिसलं.

ते कशात दिसलं हे जरा जवळून बघू. कोलामीत दोन पुरुष असले तर ‘इद्दर’, दोन वस्तू असल्या तर ‘इंदिंग’, आणि दोन बायका असल्या तर ‘ईरल’. परजीत पुरुष ‘इरुल’, वस्तू ‘इरडु’, बायका ‘इरल’. सर्वनामात कोलामी बाई आणि वस्तू यांना एकच शब्द वापरते, ‘अद’. पण मोजायची वेळ आली की बाईला तिचं स्वतंत्र रूप देते, आणि ते ‘अल’ या शेवटाने देते. हा शेवट परजीत आहे, गदबा या भाषेतही आहे. तमिळ, कन्नड, तेलुगू यांनी बायका मोजायला अशी रूपं घडवली नाहीत. म्हणजे ही मंडळी मोठ्या घरातून बाहेर पडल्यावर काही काळ एकत्र राहिली आणि तेव्हा त्यांनी मिळून ही नवी गोष्ट केली. कोलामी, नायकी, परजी, गदबा अशी मध्य द्राविडी शाखा यातून उभी राहिली. जुनं सगळ्यांनी जपलं म्हणून शाखा ठरत नाही. नवं मिळून केलं म्हणून ठरते. कुळाच्या विचारातली ही सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा मला वाटते, आणि ती न समजल्यामुळेच आजही कोण ‘मूळ’ आणि कोण ‘शुद्ध’ असले वाद रंगतात.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना ‘दोघे, दोघी, दोन’ आले असतील. बरोबर आहे, नमुना तोच आहे. पण ‘दोघी’ आणि ‘ईरल’ यांचं सामान निराळं आहे. घडण सारखी असली म्हणून रक्त एक ठरत नाही.

कुळ ठरवण्याची हीच ओढाताण न्यू गिनीत कितीतरी मोठ्या प्रमाणात घडली. तिथे आठशेच्या आसपास अशा भाषा आहेत ज्यांना ‘पापुई’ म्हणतात, आणि या नावाचा अर्थ ‘ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या’ एवढाच. गावाने ‘त्यांच्यातल्या भाषा’ म्हणावं तसंच ते. १९७१ साली जोसेफ ग्रीनबर्गने पापुई, अंदमानी आणि टास्मानियाच्या भाषा मिळून एक प्रचंड कुळ मांडलं. शब्दांच्या वरवरच्या साम्यावर उभारलेलं ते कुळ टिकलं नाही. १९७०च्या सुमारास मॅकएल्हॅनन आणि फोरहूव्ह यांनी ‘ट्रान्स-न्यू गिनी’ या कुळाची कल्पना मांडली होती. १९७५ साली वुर्मने ते पाचशेच्या आसपास भाषांपर्यंत फुगवलं. १९८६ साली फोलीने फुगा खाली आणला आणि साठेक निरनिराळी कुळं मोजली. मग २००५ साली माल्कम रॉसने सर्वनामं घेऊन पुन्हा मांडणी केली: ‘मी’साठी ‘न’चं, ‘तू’साठी ‘ग’चं रूप कुठे-कुठे मिळतं. सर्वनामं सहसा उसनी घेतली जात नाहीत, म्हणून हा निकष धरला. पण ती इतकी आखूड असतात की योगायोगालाही जागा राहते. त्यामुळे त्या कुळाचा गाभा बहुतेकांना मान्य आहे आणि कडा अजून वादात आहेत.

तिथल्या भाषांची घडण आपल्याला अनोळखी वाटायला हवी, पण तसं होत नाही. क्रियापद शेवटी, आणि त्याआधी अर्धवट क्रियापदांची माळ. ‘उठून, भाकरी बांधून, बैल सोडून तो शेतात गेला’ हे वाक्य आपण रोज बोलतो. या ‘ऊन’ला एक अट आहे, ती आपण शिकल्याशिवाय पाळतो: कर्ता बहुधा एकच राहावा लागतो. ‘तो उठून ती शेतात गेली’ असं कुणी म्हणत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या कलाम भाषेसारख्या अनेक भाषांनी याच जागेवर आणखी सोय केली आहे. पुढच्या क्रियेचा कर्ता तोच आहे की बदलला, हे मधल्या क्रियापदाच्या प्रत्ययावरून कळतं. कलाममध्ये क्रियापदांचे मूळ धातू जेमतेम १३० आणि बाकीचं काम अशा माळांवर चालतं, असं अँड्र्यू पॉली यांनी दाखवलं आहे. कोलाम आणि कलाम या नावांतल्या साम्याला काही अर्थ नाही. मराठी आणि कलाम यांच्या वाक्यरचनेतल्या साम्यालाही कुळाच्या हिशेबात नाही.

मग रचनेच्या साम्याला काय म्हणायचं? याचं उत्तर पुन्हा एमेनोनेच दिलं, कोलामीच्या पुस्तकानंतर लगेच, १९५६ साली. शेजारामुळेही भाषा एकमेकींसारख्या होतात. भारत हे अशा शेजाराचं मोठं क्षेत्र आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. हा भेद हिंदी करत नाही. तेलुगू करते, कोलामी करते, मराठी करते. ‘येतो म्हणून सांगितलं’ यातल्या ‘म्हणून’सारखी सोय तेलुगू-कन्नडमध्येही आहे. १९७१ साली फ्रँकलिन साउथवर्थने तर मराठीच्या जन्मातच अशी सरमिसळ असावी असा प्रश्न लावून धरला. मला हा प्रश्न मराठीचा मान कमी करणारा कधीच वाटला नाही. झरीच्या बाजारात आज जे ऐकू येतं ते या मुलखात शेकडो वर्षं चाललेलं असणार; त्याचा ठसा ‘आपण’वर उमटला असेल तर ती आपली कमाई आहे.

विचाराची शेवटची पायरी मला बुलढाण्यात दिसते. जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक आहेत. कोनोला ती मुळात मुंडा कुळातली, वर द्राविडी आणि आर्य थर चढलेली वाटली. तिथे तीन आणि चार हे आकडे ‘मोथो’ आणि ‘नालो’, उघड द्राविडी वळणाचे. मुंडा कुळातल्या कोरकूचे शब्द तर भरपूर. पण पाण्याला ‘जोप्पो’ आणि डोळ्याला ‘जिकी’ म्हणणारा जो थर उरतो, तो खात्रीने कुठल्याच कुळात बसत नाही. १९६२ साली काइपरने तो वेगळा काढून तपासला. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक निहालीला कुळाच्या रकान्यात एकटीच ठेवतात. एलिसच्या काळात हा रकाना रिकामा ठेवणं हार मानल्यासारखं वाटलं असतं. आता तो विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष मानला जातो. मोठ्या भाषांचीही सुटका नाही: भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी तेलुगूला तमिळ-कन्नडच्या पंगतीतून उठवून गोंडी-कुईच्या बाजूला बसवलं. कोट्यवधींची साहित्यसंपन्न भाषा डोंगरातल्या भाषांच्या व्याकरणांमुळे आपली जागा बदलते, हे मला फार न्याय्य वाटतं.

२०१३ साली गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड मराठीत आला आणि त्यात यातल्या अनेक भाषा त्यांच्या बोलणाऱ्यांनी स्वतः मांडल्या. ही फार मोठी गोष्ट झाली. त्यापुढचं काम पगडींनी केलं तसलं आहे: परभणी-नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने किनवटच्या पोडावर, पुसदच्या वस्तीत, किंवा आपल्याच गावातल्या वडार-कैकाड्यांकडे बसून शब्दांच्या पलीकडचं विचारायचं. दोन बायकांना काय म्हणता? तीन बायकांना? ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत का? घरातली पोरं ‘ईरल’ म्हणतात, की आता ‘दोघी’?