तारेच्या कुंपणाजवळून

सोलापूर,
30 ऑगस्ट

चि. सई,


तुझं लांबलचक पत्र तुझ्या आईने कागदावर छापून आणून दिलं. तीनदा वाचलं. तुमच्या विद्यापीठातल्या त्या कार्यशाळेत सगळ्यांना एका रेषेत उभं केलं. आईवडील शिकलेले असतील तर एक पाऊल पुढे, कातडीच्या रंगावरून कुणी अडवलं असेल तर एक पाऊल मागे, असं करत करत तू जवळजवळ भिंतीपर्यंत पोचलीस. मग कुणीतरी विचारलं, भारतात तुझी जात कोणती? तू सांगितलीस, आणि खोलीतलं बोलणंच थांबलं. त्या रात्री तू मला लिहिलंस, ‘आजोबा, आपण जन्मानेच दोषी आहोत का?’

नाही. उत्तर आधी देऊन टाकतो. कारणं सांगेपर्यंत पत्र लांबेल, आणि तोवर तू त्या शब्दाखाली दबून राहावंस हे मला सोसणार नाही.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे हे तुला ठाऊक आहे. देवपूजा करतो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला अजून जातो, आणि वंश, जात, अन्याय याविषयी पुरोगामी मंडळी जी मांडणी करतात तिच्यातलं बरंचसं मला पटत नाही. का पटत नाही, ते सोलापुरातूनच सांगतो.

उद्या 31 ऑगस्ट, विमुक्त दिन. लहानपणी रिक्षातून जाताना तू ‘सेटलमेंट’ ही पाटी वाचून विचारलं होतंस, इथे इंग्रज राहायचे का? तेव्हा मी हो-नाही करून टाळलं. आता सांगतो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करायची सोय केली. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींच्या नावांपुढे सरकारने शिक्का मारला. चोरी केलेली असायलाच हवी असं नव्हतं. त्या घरात जन्म झाला एवढा पुरावा पुरत होता. आपल्या गावात तारेच्या कुंपणाआड या लोकांची वसाहत केली. हजेरी, पास, ठरलेल्या वेळेला आत. तुझे पणजोबा गिरणीत टाइमकीपर होते. ते सांगायचे, भोंगा झाला की सेटलमेंटची माणसं रांगेने यायची, आणि बाकीच्या कामगारांचं हजेरीपुस्तक एक असलं तरी यांची मोजणी दोनदा व्हायची, एकदा गिरणीची म्हणून आणि एकदा सरकारची म्हणून. देशभरातून तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं लोटली होती.

माझा विरोध इथून सुरू होतो. त्या तारेमागे जे चाललं होतं त्याचं मूळ एकच: माणसाने काय केलं ते न पाहता तो कुणाच्या पोटी आला त्यावरून त्याचा निकाल लावायचा. कैकाड्याच्या पोराला जन्मावरून चोर म्हणणं पाप होतं. मग देशस्थ ब्राह्मणाच्या पोरीला जन्मावरून अत्याचारी म्हणणं पुण्य कसं होईल? तुझ्या कार्यशाळेतली मंडळी म्हणतील, ही तुलनाच असभ्य आहे. परिणामांची तुलना मी करतही नाही. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या तार होती, तुझ्या वाट्याला एक उदास संध्याकाळ आली. पण विचार करण्याची रीत तीच आहे, आणि ती रीत कुठवर जाते ते या गावाने पाहिलंय.

दुसरी गोष्ट. तुला तिथे सांगितलं गेलं की सवर्ण म्हणजे भारतातले गोरे. हे ऐकायला सोपं आहे आणि चुकीचं आहे. 1901 च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले नाकांची मापं घेऊन जातींचे वंश ठरवत होता. त्याला मोठ्या अभ्यासाने उत्तर दिलं ते मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. त्यांचा जात आणि वंश यांवरचा ग्रंथ 1932 चा. उत्तरेचा काही भाग सोडला तर ही मापं जातींच्या उतरंडीशी जुळत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. घुर्ये माझ्याच वळणाचे. जातवार सवलतींनी जात अधिक घट्ट होईल असं ते म्हणत. आणि ज्यांनी या सवलती राज्यघटनेत आणल्या त्या बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना याच घुर्यांच्या मापांचा आधार घेतला, आणि वंशभेदातून अस्पृश्यता आली हे मत खोडून काढलं. त्याआधी, 1936 सालीच, त्यांनी लिहिलं होतं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांचा वंश वेगळा नाही. उपायांवर टोकाचा मतभेद असलेले दोन मराठी विद्वान या एका मुद्द्यावर एकत्र आले. मग अमेरिकेचा साचा आणून आपल्या समाजावर दाबायचा कशाला?

दुःखाचं नातं मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावही तिकडूनच घेतलं. दुखावलेल्या माणसाला दुसऱ्या दुखावलेल्या माणसाची हाक कळते. पण औषध देताना रोग नेमका ओळखावा लागतो. रंग लपत नाही. जात विचारावी लागते, आडनावावरून काढावी लागते, ‘तुमचं मूळ गाव कोणतं हो’ असं गोड बोलून शोधावी लागते. म्हणून ती वेगळीच चिवट आहे.

तू सिएटलच्या कायद्याविषयीही विचारलंस. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या नगरपरिषदेने भेदभावाच्या बंदीत जातीचा समावेश केला आणि तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्यात जन्मलेल्या. माझे बरेच मित्र चिडले, यात हिंदूंनाच बोट दाखवलंय म्हणाले. मीही आधी चिडलो. मग विचार केला, हा ठराव कुणाच्या जन्माला काय म्हणतो? काहीच नाही. जात पाहून नोकरी नाकारू नका, घर नाकारू नका, एवढंच तो सांगतो. तो कृत्याला हात घालतो. माझं तत्त्व खरं असेल तर मला त्याच्या विरोधात जाता येत नाही. कार्यशाळेतली ती रेष मला चुकीची वाटते आणि हा ठराव बरोबर वाटतो.

आता आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तू म्हणशील आजोबांनी एकच पारडं भरलं. आमच्यातले लोक छातीठोकपणे सांगतात की आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं. हे खोटं आहे. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना. शिक्षण-नोकऱ्यांना घटनेत तशी मुदत घातलेलीच नव्हती. अमेरिकेतले थॉमस सोवेल, स्वतः कृष्णवर्णीय आणि परंपरावाद्यांचे आवडते अर्थतज्ज्ञ, यांनी 2004 साली भारतासह पाच देशांतल्या अशा धोरणांवर पुस्तक लिहिलं. तात्पुरती म्हणून आलेली सवलत कायमची होते आणि त्या गटातल्या बऱ्या स्थितीतल्या घरांतच फिरत राहते, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरणाला मान्यता दिली तेव्हा न्यायमूर्ती भूषण गवईंनी, स्वतः त्या समाजातले असून, पुढे गेलेल्या घरांविषयी हाच प्रश्न उभा केला. म्हणजे हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण जातीयवादी असतो असं नाही, हे तुझ्या मित्रांना सांग. पण आमच्यातल्याच काहींना आरक्षण संपवायची जी घाई असते ती जात संपवायच्या बाबतीत कधी दिसली नाही, हेही मला तुझ्यापासून लपवायचं नाही.

जात आता कुणाला अडवत नाही म्हणून सुशीलकुमार शिंद्यांचं उदाहरण इथे कट्ट्यावर रोज निघतं. ढोर समाजातला मुलगा, कोर्टातल्या साध्या नोकरीपासून मुख्यमंत्री आणि देशाचा गृहमंत्री. 1998 आणि 1999 साली सोलापूर लोकसभेची जागा खुली होती, तिथून सोलापूरकरांनी त्यांना निवडून दिलं. मला याचा अभिमान आहे. पण एक माणूस चढला तर त्याची उंची कळते, जिन्याला किती पायऱ्या आहेत ते कळत नाही.

परंपरेविषयीही तसंच. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या सात मानाच्या काठ्या निघतात आणि शेवटच्या काठ्यांचा मान मातंग समाजाकडे असतो. मी हे पुरोगामी मित्रांना नेहमी सांगतो, की बघा, परंपरेत सगळ्यांना जागा होती. एकाने विचारलं, शेवटच्याच का? मला उत्तर देता आलं नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं तेव्हा कुठे विठोबाचं दार अस्पृश्यांना उघडलं. गुरुजी भक्तीची भाषा बोलत होते, परंपरेच्या आतून बोलत होते. पण त्यांना विरोध करणारेही परंपरेचंच नाव घेत होते. त्या वेळी मी मोठा असतो तर कुठल्या बाजूला असतो, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

याचं कारण सांगायला हवं. ते मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

1979 साल. मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. मधल्या सुट्टीनंतर एका मुलीने रडत सांगितलं, परीक्षा फीचे अकरा रुपये दप्तरातून गेले. वर्गात चौपन्न मुलं. मी कुणालाही काही विचारलं नाही. सरळ तिसऱ्या बाकापाशी गेलो आणि सेटलमेंटमधून येणाऱ्या मुलाचं दप्तर उचलून टेबलावर रिकामं केलं. एक वही, पाटी, पेन्सिलीचा तुकडा, फडक्यात बांधलेली भाकरी. पैसे नव्हते. मी ‘बस’ म्हणालो. मग बाकीच्यांची दप्तरं बघायला हवी होती, ती बघितली नाहीत. पैसे कधीच सापडले नाहीत. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही.

त्या सकाळी कुणी मला विचारलं असतं, तर मी देवाशपथ सांगितलं असतं की मी जात पाहत नाही. अमेरिकेतले परंपरावादी लोक न्यायमूर्ती हार्लन यांच्या 1896 च्या निकालपत्राचा दाखला देतात. राज्यघटना रंग पाहत नाही, असं त्यांनी एकट्याने बहुमताविरुद्ध लिहिलं. जून 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांतले वंशाधारित प्रवेश रद्द केले तेव्हाही हार्लनचं नाव निघालं. थोर शब्द आहेत. पण त्याच निकालपत्रात, जवळपास त्याच जागी, हार्लननी गोरा वंश वरचढ आहे आणि राहील असंही लिहिलंय. न पाहण्याची शपथ घेणाऱ्याचे डोळे उघडेच असतात, सई. माझे होते. तार निघून सत्तावीस वर्षं झाली होती आणि मी ती वर्गात परत ओढून आणली.

मग पुरोगामी म्हणतात तेच खरं ठरलं ना, असं तुला वाटेल. ते म्हणतील, यात तुमचा एकट्याचा दोष नाही, रचनाच तशी आहे, सगळे सवर्ण त्यात सामील आहेत. आणि नेमकं हेच मला मान्य करता येत नाही. सगळेच दोषी असतील तर माझा दोष चौपन्न काय, चौपन्न कोटींत वाटला जातो आणि माझ्या वाट्याला कणभर उरतो. मला तो वाटून द्यायचा नाहीये. त्या दिवशी शेजारच्या वर्गावर माझ्याच जातीचा एक शिक्षक होता, त्याने आयुष्यात असं कधी केलं नाही. दप्तर उचललं ते माझ्या हाताने. त्याचं ओझं तुझ्यावर नाही, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. आणि मी गेल्यावर ते तुझ्याकडे वारसा म्हणून येणार नाही. तू जे करशील, न करशील, तेवढंच तुझं.

शिक्का मात्र सहज जात नाही. जुना कायदा गेला तसे सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले, आपल्याकडचा 1959 चा. ऑक्टोबर 2024 मध्ये, मुंबईच्या एका पत्रकार बाईंच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातवार कामं आणि विमुक्त जमातींवरचा तो जुना संशय खोडायला लागला. बहात्तर वर्षांनी. ‘आता झालं गेलं, विसरा’ असं आमचे लोक म्हणतात तेव्हा मला हे वर्ष आठवतं.

आडनाव टाकून द्यावं का, असं शेवटी विचारलंस. टाकू नकोस. ते तुझ्या पणजोबांचं आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पुढच्या महिन्यात तुमच्या खोलीत चौथी मुलगी घ्यायची आहे असं लिहिलंयस. ती कोण, कुठली, हे विचारताना तुझ्या मैत्रिणी काय काय विचारतात ते नीट ऐक. आणि तू स्वतः काय विचारतेस तेही.

तो मुलगा आता साठीच्या घरात असेल. सेटलमेंट फ्री कॉलनीत एका माजी विद्यार्थ्याकडून त्याचा ठावठिकाणा कळलाय. उद्या सकाळी नऊला तुझी आई मला तिथे घेऊन जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. तो घरी असेल की नाही, मला भेटेल की नाही, तेही माहीत नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत जाड चादर घे. इथून पाठवली तर टपालखर्चच जास्त होईल, पण आईचा हट्ट आहे, सोलापुरीच पाठवायची म्हणून. बहुधा पाठवेलच.

तुझे,
आजोबा