पावसाचे पाणी कोणाचे?



आजच्या मननासाठी उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय, बाराव्या वचनापासून बाविसाव्यापर्यंत, आम्ही निवडला आहे. उपदेशकांनी हा भाग मंडळीस आधी सावकाश वाचून दाखवावा.

इसहाकाने गराराच्या प्रदेशात पेरणी केली व शंभरपट पीक घेतले, तेव्हा पलिष्ट्यांच्या पोटात दुखू लागले. त्याच्या बापाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजविल्या. पुढे तो खोऱ्यात उतरला व विहीर खणली, तो गुराखी तिच्यावर हक्क सांगत आले. त्या विहिरीस त्याने एसेक, म्हणजे कलह, असे नाव दिले. दुसरीवरही तंटा झाला. ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडावयास आले नाही. ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

या भागावर आम्ही पुष्कळ वेळा उपदेश केला आहे, आणि दरवेळी एकच अर्थ सांगितला : भांडू नका, सोडून द्या, देव दुसरी विहीर देईल. गेल्या उन्हाळ्यात या अर्थाची आम्हांस लाज वाटली. ती हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आमच्याकडील एका गावी मंडळीतील दोन घरांची शेते लागून आहेत. वरचे शेत एका पंचाचे; खालचे दीड एकर एका विधवा बहिणीचे. पंचाने आपल्या हद्दीत, ओघळीच्या तोंडाशी, शेततळे खणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. श्रावणात बाईच्या शेताकडे उतरणारे पाणी थांबले, आणि शिमग्यापर्यंत पुरणारी तिची विहीर पौषातच आटली. प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेले. पंचाचे म्हणणे एवढेच की, पाऊस माझ्या रानात पडला, मी तो अडविला, यात चोरी कोणती? आम्ही त्याच्याकडे न जाता बाईकडे गेलो व तिला इसहाकाची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पाळकसाहेब, इसहाकाला पुढं जायला जागा होती. मी दुसरी विहीर कुणाच्या रानात खणू?"

आम्हांस उत्तर सुचले नाही.

घरी येऊन आम्ही तोच अध्याय पुन्हा वाचला. इसहाकाजवळ मेंढरे होती, गुरे होती, पुष्कळ चाकर होते. अबीमलेखाने त्यास जावयास सांगितले ते तो आपल्याहून बलवान झाला म्हणून. सोडून देणारा येथे दुबळा नाही, समर्थ आहे. एक विहीर गेली तर तो दुसरी खणू शकतो. ज्याला दुसरी खणता येत नाही त्याला हा धडा आम्ही कोणत्या तोंडाने शिकवीत होतो?

कायदा काय म्हणतो हेही उपदेशकांस ठाऊक असावे, कारण गावात प्रथम त्यांनाच विचारतात. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टाच्या सातव्या कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. जमिनीवरचे जे पाणी ठराविक मार्गाने वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क मालकास आहे. परंतु जे नैसर्गिक ओढ्याच्या ठराविक पात्रातून येते, ते अडथळ्यावाचून आपल्यापर्यंत यावे, हा खालच्या मालकाचा हक्क आहे. म्हणून या दाव्यात वकील एकाच गोष्टीवर वाद घालीत आहेत : ती ओघळ म्हणजे नाला आहे की नाही? थेंब तोच, पण काठ असलेल्या पात्रात शिरला की त्याचा हक्क बदलतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात याच्या उलट टोक पाहावयास मिळते. ज्याने पाणी प्रथम वापरास घेतले त्याचा हक्क प्रथम, हा तेथील नियम. छपरावरचा थेंबही अखेरीस नदीस मिळणार आणि नदी आधीच्या हक्कदारांची. म्हणून पन्हळीखाली पिंप ठेवणेही तेथे मना होते. २००९ साली थोड्या लोकांस मोकळीक मिळाली. २०१६ च्या कायद्याने घरास दोन पिंपे, मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर, एवढी परवानगी झाली. हे ऐकून आपल्यास हसू येते. तरी खाली कोणी तहानलेला आहे, हे त्या नियमाने आधी पाहिले. आम्ही पाहिले नव्हते.

महाडचे चवदार तळे सर्वांस ठाऊक आहे. त्यात पाणी साठते ते पावसाचे व झऱ्यांचे. नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, तरी तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्यासमवेतचे लोक ते पाणी प्याले. मग स्पृश्यांनी तळ्याची शुद्धी केली. त्याच डिसेंबरात काही रहिवाशांनी दावा लावला की तळे खाजगी आहे. दावा चालत चालत मुंबईच्या हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल झाला. तळ्याची खाजगी मालकी टिकली नाही. अस्पृश्यांस दूर ठेवण्याची वहिवाट अनादि आहे, हेही सिद्ध झाले नाही. यास दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत त्यांस कोणी इसहाकाची गोष्ट सांगून घरी जा म्हटले असते, तर ते देवाचे वचन ठरले असते काय?

आमच्यापैकी पुष्कळांचे आजेपणजे पाणवठ्यापासून दूर उभे राहिलेले आहेत. कोणी वरून ओतील तेव्हा त्यांची घागर भरे. त्यांचेच नातू आज शेतमालक झाले, हा देवाचा उपकार. पण तळ्याच्या काठी उभे राहून 'हे माझे' म्हणताना आपला आवाज कोणासारखा ऐकू येतो, याचा त्यांनी विचार करावा. शिवाय कित्येक शेततळी पावसाच्या नावावर खणलेली असली तरी विहिरीच्या पंपाने भरतात. जमिनीखालचे पाणी उपसून उन्हात ठेवावयाचे, आणि निम्मे वाफ होऊन गेले तरी शेजाऱ्यास घोट द्यावयाचा नाही! यास पावसाचे पाणी म्हणणे खोटे आहे.

वाटून घेण्याची रीत आपल्या प्रांतात नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी एकरावर न देता माणशी दिले : दर माणशी अर्धा एकर, आणि घरास फार तर अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनासही वाटा ठेवला, आणि उसास पाणी नाही असे ठरविले. पंचाच्या घरी जाताना आम्ही हीच गोष्ट बरोबर नेली, कारण या वेळी आम्ही त्याच्याकडे गेलो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वकिलाला आधीच पैसे दिलेत."

दाव्याची पुढची तारीख पावसाळ्यानंतर आहे. शेततळ्याच्या सांडव्यातून बाईच्या शेतापर्यंत चर काढावयास दोन माणसांचे चार दिवस लागतील. ते आम्ही मोजून आलो आहो. मंडळीतील तरुणांनी कुदळी देऊ केल्या आहेत. पंचाने अजून होय म्हटलेले नाही. मृग लागण्यापूर्वीच्या रविवारी तेथे प्रभुभोजन आहे, आणि दोघांचीही नावे यादीत आहेत. वाचकांनी त्या मंडळीसाठी प्रार्थना करावी.