कावळा, फांदी आणि माझा ट्रक

मंडळी, माझा तो जुना पिकअप ट्रक आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. गणपतीचं मखर, नाटकाचे पडदे, पॉटलकची पातेली, सगळं त्यानं वाहिलंय. मॉडेल १९९४ चं, सहा सिलिंडरचं.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल गळायला लागलं. सरेतल्याच एका वयस्कर पंजाबी मेकॅनिककडून गॅस्केट बदलून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, पावसात, सिग्नलला उभा असताना इंजिन हिवताप भरल्यासारखं थरथरू लागलं. वेग वाढवावा तर गचके.

दुरुस्तीपूर्वी ठीक, दुरुस्तीनंतर बिघाड. निदान माझ्या दृष्टीनं तिथेच संपलं. त्या संध्याकाळी एका मित्राकडे जेवणाला चार कुटुंबं जमली होती. मी सगळ्यांना बजावलं, "त्या माणसाकडे गाडी नेऊ नका. चांगल्या इंजिनाची वाट लावली त्यानं."

गंमत बघा, माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. "तुमचा बदल आला आणि आमची सिस्टिम बिघडली" हे वाक्य क्लायंटकडून ऐकून माझे कान किटले आहेत. पुरावा काय, असं मी त्यांना दरवेळी विचारतो. स्वतःच्या ट्रकच्या बाबतीत मात्र विचारलं नाही.

दोन दिवसांनी तणतणत गॅरेजमध्ये गेलो. अंकलजींनी सगळं ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडलं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना जे ठरावीक तपासणीचं सॉकेट आलं, ते या ट्रकला नाही. तेव्हा कान आणि हात हीच साधनं. त्यांनी आधी आपलंच काम तपासलं, हवेच्या नळ्या नीट बसल्यात ना ते पाहिलं. मग इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीनं एकेका स्पार्क प्लगची वायर काढून परत लावली. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळायचं. एका सिलिंडरला काहीच फरक पडला नाही. म्हणजे ते आधीच निकामी. तो प्लग बाहेर काढला, तर पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर, आणि तिच्यात मुरलेला काळा मळ. चीर जुनी होती.

"बेटाजी, हे प्लग कोणी बसवले?"

मी. ऑगस्टमध्ये, ड्राइव्हवेत, मजुरीचे पैसे वाचवायला. पाना तिरका झाला होता आणि बारीकसा 'कट्' आवाज आला होता. तेव्हा दुर्लक्ष केलं. ऑगस्ट-सप्टेंबर इथे कोरडे जातात, त्यामुळे प्लग चालत राहिला. पाऊस सुरू झाला, चिरेत ओल शिरली आणि ठिणगी आतल्या आत पडण्याऐवजी बाहेरून निसटू लागली. दुरुस्ती आणि पाऊस एकाच आठवड्यात आले, एवढंच.

याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमनं हेच जरा वेगळ्या अंगानं मांडलं: आपल्याला एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी दिसतात, त्यांच्यामधलं कारण दिसत नाही; ते आपलं मन सवयीनं भरून काढतं. पण माझी चूक तर्कशास्त्रातली असती तर हा लेख लिहिला नसता. मनातल्या मनात चुकीचं निदान केल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. मी ते चार घरांत पोचवलं, आणि एका माणसाच्या पोटावर पाय दिला.

"मी फक्त आपल्या माणसांना सावध करत होतो," असं मी आधी स्वतःला समजावलं. त्यात तथ्य नाही असंही नाही. परदेशात आपण एकमेकांच्या शब्दावरच तगलो आहोत: डेंटिस्ट कोणता, घराचा एजंट कोण, कुणापासून लांब राहायचं. गप्प बसणं हा काही उपाय नव्हे. पण "दुरुस्तीनंतर ट्रक थरथरतोय" एवढं मी पाहिलं होतं. "त्यानं बिघडवला" हे मी पाहिलं नव्हतं, आणि ज्याच्याबद्दल बोललो त्याला आधी विचारायला दहा मिनिटं लागली असती.

अंकलजींनी फक्त प्लगची किंमत घेतली. मी माफी मागितली, त्यांनी हसून चहा पुढे केला. चार घरांत मी काय सांगून बसलोय, हे मात्र त्या चहाबरोबर मला सांगता आलं नाही.

त्या रात्री चारही घरी फोन केले. तिघांना सगळं सांगितलं, एकजण म्हणाला, "अरे, मी तर पुढे ऑफिसातही सांगितलं." चौथं कुटुंब कॅलगरीला गेलंय, त्यांचा नंबर बदललाय. ही स्मरणिका त्यांच्याकडे जाते.