दारं धरणारा

सांख्यांचा सत्कार्यवाद मला कळला तो स्टाफरूममध्ये, खरवसाच्या डब्यावर. गावाकडं म्हैस व्याली होती, आईनं चीक धाडला होता. संस्कृतचे सर वडी उचलत म्हणाले, "कार्य कारणात आधीच असतं. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही. हा खरवस चिकातच होता."

मी जीवरसायनशास्त्र शिकवायचो. म्हटलं, "बरोबर. नुसतं दूध वाफवलं तर असं धरत नाही. चिकात प्रथिनं भरपूर. आच लागली की त्यांच्या घड्या उसवतात आणि उसवलेले धागे एकमेकांत गुंततात. पण सर, खरवस निववून परत चीक होत नाही. मग ती मूळची घडी कुठं गेली?"

सरांनी दुसरी वडी घेतली. मी त्यांना अँफिन्सनची गोष्ट सांगितली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती घडी घालून ठरावीक आकारात बसते, तेव्हाच कामाला येते. अमेरिकेत बेथेस्डा इथं ख्रिश्चन अँफिन्सन यांनी गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएज घेतलं. १२४ मण्यांची माळ, तिला गंधकाचे चार टाके. युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून त्यांनी घडी मोडली, टाके उसवले. मग दोन्ही काढून घेतले. माळ आपली आपण पुन्हा पहिल्या घडीत बसली आणि कामाला लागली. आठ टोकांच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. तिनं नेमकी एकच लावली. युरिया असतानाच टाके घालू दिले, तेव्हा मात्र भलतीच टोकं जुळली आणि माळ जवळजवळ निकामी झाली. म्हणजे आकाराचा सगळा मजकूर मण्यांच्या क्रमातच होता. या कामासाठी त्यांना १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

"म्हणजे सत्कार्यच की!" सर खूश झाले.

"थांबा. परीक्षानळीत निवांतपणा असतो. पेशीत जत्रेची गर्दी. अर्धवट घडीची माळ शेजारणीला चिकटली की झाला खरवस! म्हणून काही प्रथिनं सोबतीलाच असतात." वर्गात मी त्यांना पाठराखीण म्हणायचो, नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती. ई. कोलाय जिवाणूत अशी एक आहे, ग्रोईएल. सात-सात घटकांची दोन कडी एकावर एक, वर झाकण. ती माळेला पोटात घेते, झाकण लावते, काही सेकंदांनी सोडते. त्यासाठी ऊर्जा खर्चते. पण आकार कोणता घ्यायचा, ते माळेला सांगत नाही. तिला ते माहीतच नसतं.

"मग रूप कुणाचं?" मी विचारलं. "माळेचं की पाठराखिणीचं?"

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पतंजलींनी कैवल्यपादात सांगितलंय. निमित्त प्रकृतीला ढकलत नाही, फक्त आड आलेलं दूर करतं. शेतकऱ्यासारखं." जरा थांबून हळूच म्हणाले, "वीस वर्षं शिकवतोय. शेतकरी नेमकं काय करतो, ते मात्र पाहिलेलं नाही."

मी पाहिलं होतं, केलंही होतं. कृष्णाकाठी उसाला पाण्याची पाळी रात्रीची यायची. कंदील, खोरं आणि मी. एका सरीचं दारं मोडायचं, ती भरली की चिखलानं बुजवून पुढचं मोडायचं. पाणी ओढावं लागत नाही, उतार त्याला नेतो. उतार मी केलेला नसतो.

दैव की प्रयत्न, स्वभाव की संगत असं आपण विचारतो, तेव्हा मनात वाटणी असते: इतके आणे याचे, इतके त्याचे. पाठराखीण हा हिशेब मोडते. रूपात तिचा वाटा शून्य, आणि तरी कित्येक माळा तिच्यावाचून रूपाला पोचत नाहीत. ज्याचा वाटा नाही त्याची गरजही नाही, असं मी तोवर धरून चाललो होतो. मास्तरकी करताना ही समजूत फार नडते: एक तर पोराचं यश आपलं वाटतं, नाही तर आपण फुकट वाटतो.

एकदा बांधावरच माझा डोळा लागला. पाणी दारं फोडून शेजाऱ्याच्या रानात गेलं. वडील ओरडले नाहीत. खोरं हातात देत म्हणाले, "पाणी त्याच्या अकलेनं जातंय. तू निस्ता जागा ऱ्हा."